वाकडं अंगण

१

टेपचं टोक धरून उभं राहणं हेही काही काम आहे का, असं टकळ्या पहिल्या दिवशी म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी खिशातला मोबाइल वाजला म्हणून त्याने ते टोक मध्येच सोडलं, ताणलेला टेप फटकन मागे आला आणि टोकाची कडी गवतवाल्याच्या अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं. तेव्हापासून नियम झाला. गवतवाला घराच्या बाजूला टेपचं चाक घेऊन बसणार, टकळ्या समोरच्या भिंतीला कडी टेकवून उभा राहणार. हा विचारणार, "धरलं?" तो म्हणणार, "धरलंय." मग आकडा वाचायचा, आणि हा "सोड" म्हणेपर्यंत त्याने हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

खोटं गवत अंथरायचा त्याचा धंदा होता. शाळेची मैदानं, हॉटेलांच्या गच्च्या, अलीकडे लोकांच्या घरामागची छोटी छोटी कोर्टं. सगळे त्याला गवतवाला म्हणत. टकळ्याचं म्हणणं असं, की ज्या गवताला आजवर एका गाईने तोंड लावलं नाही त्याचा कसला गवतवाला.

टकळ्या त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाची टकळी झोपेतसुद्धा थांबायची नाही म्हणून हे नाव. मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं आणि स्वारी भाऊजींच्या गळ्यात पडली. गवतवाल्याला तो वैताग वाटायचा आणि आवडायचाही. तो आल्यापासून गाडीतला रेडिओ कुणी लावला नव्हता, गरजच पडली नव्हती.

बायकोने मात्र त्याला कामावर पाठवताना एक अट घातली होती. त्यांची आई गेली तेव्हा टकळ्या रांगत होता. शाळेतून आली की दप्तर फेकून ती त्याला कडेवर घ्यायची, असं तिने त्याला वाढवलं होतं. "तो चुकला तर घरी येऊन मला बोला, त्याला नको," ती म्हणाली. "आणि सकाळी नेताय तसा संध्याकाळी परत आणा." गवतवाला हसला होता, तुझा भाऊ म्हणजे काचेचं भांडं आहे का, असं काहीतरी म्हणाला होता. ती हसली नव्हती.

२

घर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं होतं. पुढच्या खोलीत दवाखाना, मधे स्वयंपाकघर, आणि त्यामागे अंगण. अंगण म्हणजे काय, दोरी बांधून चादर वाळत घातली तर ती भिंतीला पुसली जायची. तिन्ही बाजूंनी भिंती, समोरच्या भिंतीपाशी एक नळ, वर आभाळाचा चौकोन. बाईंची मुलगी बॅडमिंटन खेळायची, गल्लीत गाड्या वाढल्या होत्या, तेव्हा घरातच कोर्ट करून द्या, असं बाईंनी सांगितलं. टकळ्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत फेरी मारली आणि जाहीर केलं की घोडामैदान फारच जवळ आहे.

खोदाई, खडी, वरचा चुऱ्याचा थर, त्यावरून दाबयंत्र फिरवणं हे सगळं आधीच झालं होतं. त्या दिवशी फक्त टर्फ, म्हणजे ते खोटं गवत, अंथरायचा होता. सकाळी गुंडाळ्या दारापुढच्या गल्लीत उलगडून उन्हात टाकल्या. गुंडाळून ठेवलेला टर्फ अंग चोरून असतो, ऊन लागलं की सैल होतो. गवतवाल्याने तळहात फिरवून लव बघितली. टर्फच्या पात्यांना कल असतो, मखमलीला असतो तसा, आणि लव नेहमी घराकडे ठेवायची, म्हणजे खिडकीतून बघणाऱ्याला गवत दाट दिसतं.

माप घेतलं, वर सवयीने वीतभर जास्त धरलं आणि पहिला पट्टा कापला. घराच्या कडेच्या बोळातून तो आत आणला, घराच्या बाजूने खिळ्यांनी पक्का केला आणि भिंतीकडे उलगडत नेला. भिंतीपाशी पट्टा वीतभर कमी पडला.

गवतवाला तिथेच उकिडवा बसून राहिला. वीतभर जास्त कापलेला पट्टा वीतभर कमी कसा पडेल? इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने टकळ्याकडे बघितलं. टकळ्याने दोन्ही हात वर केले. कडी भिंतीलाच टेकवली होती, शप्पथ, आईची नको तर ताईची. पुन्हा मोजलं. अंगण सकाळच्या मापापेक्षा मोठं भरलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," टकळ्या म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर नळाला टेकून हसला.

गवतवाल्याला ते झोंबलं. पण बायकोची अट आठवली आणि त्याने तोंड मिटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

३

दुसरा पट्टा त्याने नव्या मापाने कापला. कापण्याआधी स्वतः दोनदा मोजलं, वर हातभर जास्त ठेवला. अंथरला. तो पहिल्यापेक्षा पुढे गेला आणि तरी भिंतीला टेकला नाही. आणि पहिला पट्टा, जो मघाशी वीतभर कमी होता, त्याच्यापुढे आता माणूस आडवा झोपेल एवढी खडी उघडी दिसत होती.

खिळे निघाले असतील म्हणून तो घराच्या बाजूला आला. खिळे जागच्या जागी होते. टर्फ ओढून बघितला, तसूभर हलला नाही. मग भिंत बघितली. तीच भिंत, तोच नळ, नळाखाली तोच ओला डाग. त्याने मनाशी हिशेब केला. ऊन डोक्यावर आलंय, चिकटवणीचा वास बंद जागेत साठलाय, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. अशाने माणसाचं लक्ष चुकतं. दुसरं काय असणार?

टकळ्याला त्याने भिंतीच्या बाजूला लाकडी पट्टी ठोकायला पाठवलं. टकळ्या बडबडत गेला. गवतवाला दोन पट्टे खालून जोडणाऱ्या जोडपट्टीचा कागद सोलत होता. सोलता सोलता त्याची नजर वर गेली.

टकळ्याचा हातोडा खाली आला, पट्टीवर बसला आणि आवाज झाला नाही. हातोडा वर गेला. तो वर असताना 'ठक' असं ऐकू आलं.

गवतवाल्याने कागद खाली ठेवला. पुन्हा बघितलं. हातोडा खाली, काही नाही. हातोडा वर, ठक. लांबवर माळावर कुणी दगड फोडत असलं की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. पण त्यासाठी मधे सगळा माळ लागतो. इथे मधे काय होतं? दोन पट्टे आणि चार पाट्या खडी. आतून दवाखान्यातल्या यंत्राची चिरचिर मात्र अगदी कानाशी ऐकू येत होती, कुणीतरी गुळणी करून थुंकलं तेही ऐकू आलं.

"टकळ्या," त्याने हाक मारली.

टकळ्या ठोकत राहिला. दोन घाव घातले, मग थांबला, मान वळवली. "काय, भाऊजी?"

त्याचे ओठ आधी हलले होते.

गवतवाल्याच्या हातावरची लव उभी राहिली. आता ह्याला इकडे बोलवावं, गाडीत बसवावं आणि घरी जावं, असं त्याला साफ वाटलं. बाईंना सांगू, तब्येत बरी नाही. पण मग उद्या? उद्या येऊन काय वेगळं होणार? आणि संध्याकाळी जेवताना हा टकळ्या ताईला रंगवून सांगणार, भाऊजींना एक अंगण मोजता आलं नाही. माणसाला भीतीपेक्षा लाज लवकर हलवते. त्याने ठरवलं की एकदा, शेवटचं, मोठ्या टेपने नीट मोजायचं आणि मगच उठायचं. ह्या मोजण्याने त्याचं वाटोळं केलं.

४

मोठा टेप कापडी फितीचा होता, मैदानांसाठी वापरायचा. त्यातली फीत ह्या अंगणात निम्मीसुद्धा लागली नसती. टकळ्याने कडी घेतली आणि चालू लागला. गवतवाला उंबऱ्यापाशी चाक मांडीत घेऊन बसला, डोळे फितीवर. बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं, फक्त आकडा वाचायचा. चाक गरगरत होतं. टकळ्या काहीतरी बोलत होता, ह्या कोर्टावर नेट लावली तर खेळाडूंना उभं राहायला शेजाऱ्यांकडे जावं लागेल, असलं काहीतरी. बोलणं हळूहळू बारीक झालं.

चाक फिरायचं थांबलं.

"धरलं?" गवतवाल्याने विचारलं.

यंत्राची चिरचिर चालू होती. नळाचा थेंब पडला का, कळलं नाही.

"टकळ्या, धरलं का?"

मग खूप वेळाने, कुणीतरी टेकडीवरून साद घालावी तसं आलं, "धरलंय..."

त्याने फितीवर बोट ठेवून आकडा वाचायला मान खाली घातली आणि बोटाखालून फीत सरकली. चाक पुन्हा फिरू लागलं. टकळ्या तर भिंतीशी पोचला होता, 'धरलंय' म्हणाला होता. मग फीत कोण ओढत होतं? फीत सावकाश, एकसारखी निघत होती. आकडे बोटाखालून जात राहिले, अंगणाचे, मग दुप्पट अंगणाचे, मग मैदानाचे. शेवटी चाक उघडं पडलं, फितीचं आतलं टोक अडकलं आणि त्याच्या हाताला हिसका बसला.

तेव्हा त्याने वर बघितलं. भिंत होती. नळ होता. नळाशेजारी टकळ्याचा पिवळा शर्ट होता, नखाएवढा.

गवतवाल्याने डोळे मिटले. पापण्यांच्या आत लाल ऊन दिसत होतं आणि हातात फीत ताणलेली होती. आपण वेडे झालो का, असं त्याला वाटलं, आणि झालो असलो तर फार बरं होईल, असंही वाटलं.

"भाऊजी, कुणाशी बोलताय?"

आवाज मागून आला. अगदी जवळून. त्याने मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात टकळ्या उभा होता, पिवळा शर्ट, हातात पाण्याचा ग्लास.

टकळ्याने ग्लास पुढे केला. तुम्ही सोड म्हणालात, मी सोडून आलो, आत पाणी प्यायलो, असं त्याने सांगितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. गवतवाल्याने त्याचा दंड धरून बघितला. दंड गरम होता, शर्टाला चिकटवणीचा आणि घामाचा वास होता. हातच्या काकणाला आरसा कशाला? माणूस समोर होता, हाताला लागत होता. गवतवाल्याला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. फीत कुठेतरी खिळ्याला अडकली असणार. आपल्याला ऊन लागलं असणार.

त्याने फीत सोडवायला एक झटका दिला.

पलीकडून तसाच झटका परत आला. आणि त्यामागून, उशिरा, फार लांबून, "भाऊजी, सोडू का? हात दुखतोय."

टकळ्याचा आवाज. तोच, थोडा रडवेला. गवतवाला हबकून शेजारी उभ्या टकळ्याकडे बघत राहिला. हा टकळ्या फितीकडे बघत होता. ऐकू आलं का, असं गवतवाल्याने विचारलंसुद्धा नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं की त्याला ऐकू आलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"कापा," तो म्हणाला.

एवढंच. एरवी पाणी मागायलाही दहा वाक्यं लागणारा माणूस.

गवतवाल्याने खिशातून कटर काढला. पुढे आयुष्यभर त्याला सांगता आलं नसतं की त्याने तसं का केलं. जो जवळ होता तो खरा, एवढंच त्या घटकेला त्याला कळलं. पातं फितीवर टेकवलं आणि ओढलं. फीत तुटली. तिचं मोकळं टोक लवेच्या उलट्या दिशेने खरखरत निघालं, दोन्ही पट्ट्यांवरून, खडीवरून, भिंतीकडे. त्या एवढ्याशा अंगणातून ते जातच राहिलं. दवाखान्यातलं यंत्र थांबलं, बाई हात धुऊ लागल्या, तरी ते सरकल्याचा आवाज येतच होता.

५

बाईंना तो भेटला नाही. हत्यारं तिथेच टाकून त्याने टकळ्याला बोळातून बाहेर काढलं आणि गाडी सुरू केली. टर्फच्या गुंडाळ्या गल्लीतच राहिल्या.

गाडीत टकळ्या सरळ समोर बघत बसला. पहिल्या चौकात गवतवाल्याने विचारलं, पाणी हवं का. नको. दुसऱ्या चौकात विचारलं, घाबरलास का. नाही. सिग्नलला एक माणूस डोक्यावर उलटी खुर्ची घेऊन रस्ता ओलांडत होता, खुर्चीचे पाय शिंगांसारखे वर. टकळ्याला असलं काही दिसलं की पुढचा अर्धा तास त्यावर जायचा. आज त्याने बघितलं आणि काही म्हटलं नाही.

"अरे, बोल की काहीतरी," गवतवाला म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला केविलवाणा वाटला.

"काय बोलू?" टकळ्याने विचारलं. खरंच विचारलं, म्हणजे सांगितलं असतं तर तो तेच बोलला असता.

त्यानंतर गवतवाल्याने रेडिओ लावला.

घरी जायचा धीर होईना म्हणून तो गाडी उगाच फिरवत राहिला, पोचेपर्यंत दिवे लागत होते. टकळ्या गाडीतून डबे काढायला मागे राहिला आणि गवतवाला जिना चढून वर गेला. दार त्याने वाजवायच्या आतच उघडलं. बायको दारात होती, कानाला फोन, चेहऱ्यावर राग आणि हसू एकत्र.

"आलेच ते, देते हं," ती फोनवर म्हणाली आणि मग त्याच्याकडे वळली. "किती थट्टा कराल हो त्याची? डॉक्टरीणबाई आहेत. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून मला केला. म्हणतात, तुमचा माणूस अजून अंगणात उभा आहे, अंधार पडायला लागला तरी येत नाही. म्हणे भाऊजींनी अजून सोड म्हटलं नाही."

तिने फोन त्याच्या हातात दिला.

बाईंचा आवाज नेहमीसारखा होता, जरा त्रासलेला. मी दारातून हाक मारते, त्या सांगत होत्या, तर तो हात हलवतो, पण फार वेळाने. इतका बारीक का दिसतो हो तो? माझी मुलगी म्हणतेय, मीच जाऊन त्याला घेऊन येते. पाठवू का?

"नका पाठवू," गवतवाला म्हणाला. "बाई, कुणीही पाऊल ठेवू नका तिथे. मी येतो. दार लावून घ्या आणि त्याला सांगा, मी येतोय."

"सांगते," बाई म्हणाल्या. "हाक पोचेल तेव्हा पोचेल."

जिन्यावर पावलं वाजली. टकळ्या डबे घेऊन वर आला.

बायकोच्या चेहऱ्यावर ते हसू होतं तसंच राहिलं, फक्त त्यातलं सगळं निघून गेलं. ती आधी नवऱ्याकडे बघत होती, मग भावाकडे, मग नवऱ्याच्या हातातल्या फोनकडे.

"ताई," टकळ्या म्हणाला.

ती पुढे झाली. रोजच्यासारखी तिने त्याची कॉलर सरळ केली, मानेमागे हात फिरवला. रोज तो 'ताई, मी काय बाळ आहे का' म्हणून मान झटकायचा आणि मग तासभर तिला चिडवायचा. आज तो हलला नाही. तिचा हात त्याच्या मानेवर थांबला आणि तिने तो सावकाश काढून घेतला. ती काय ते समजली होती. तिने त्याला वाढवलं होतं, तिला टेप लागत नव्हता.

"बस रे, वाढते," ती त्याला म्हणाली. आवाज अगदी साधा. तो तिच्या शेजारून आत गेला.

मग ती नवऱ्याकडे वळली आणि ओठही न हलवल्यासारखं बोलली.

"तुम्ही त्याला सोडून आलात."

गवतवाल्याला सांगायचं होतं की तो हाताला लागला, गरम होता, मी धरून बघितलं. त्याला रडू कोसळलं, एवढंच झालं. तिने ते थांबेपर्यंत वाट बघितली नाही.

"जा. माझ्या भावाला घेऊन या."

"तूही चल," तो म्हणाला. "एक क्षणही थांबू नकोस इथे."

तिने मान हलवली. आतल्या टेबलाकडे एकदा बघितलं. "मी निघाले तर हाही मागोमाग येईल. आणि तिथे दोघं समोरासमोर आले तर? नाही. मी ह्याला जेवायला बसवते. जेवण लांबवते. तुम्ही पळा."

तो तिचा हात धरायला गेला, पण तिने तोपर्यंत दार ढकललं होतं. आतून कडी लागली. बंद दाराला कान लावून तो उभा राहिला. आतून भांड्याचा आवाज आला. मग तिने खुर्ची ओढली. थोड्या वेळाने दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो जिना उतरत धावत सुटला.